गळालेलं शून्य

…तर आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "जावईबापू, तुम्हाला घड्याळ आणायला पाठवलं होतं. तुम्ही घड्याळजीचं अख्खं खटलं उचलून आणलंत?"

खोलीत जो हशा पिकला, तो खाली सायकलच्या दुकानापर्यंत ऐकू गेला म्हणतात. जावईबापू बिचारे लाल झाले. ते काही कुणाचे जावई नव्हते. नोकरीला लागले त्या दिवसापासून खुर्ची मऊ नाही, चहा पातळ आहे, खिडकी उघडत नाही, अशा तक्रारी करायचे, म्हणून ते नाव पडलं. त्यांचा गुन्हा एवढाच, की पडद्याच्या कोपऱ्यात काट्यांचं एक गोंडस घड्याळ दाखवायला त्यांनी बाहेरचं तयार पॅकेज आणून प्रोग्रॅमात घातलं होतं.

"अहो आत्या, छोटंसं तर आहे," ते म्हणाले.

"छोटंसं? त्याच्यामागे कोण कोण आलंय पाहिलंत? काट्यांचा मामा आलाय, रंगांचा साडू आलाय, साडूच्या मेव्हण्याचा भाचा आलाय. त्या भाच्याला तर दोन वर्षांत कुणी हात लावलेला नाही. हे सगळे आता आपल्याच घरात राहणार, आपल्याच किल्ल्या वापरणार. वेळ बघायला भिंतीवर घड्याळ आहे ना? काढा हे बाहेर."

आत्या म्हणजे हे असं प्रकरण. खरं तर तिला भाऊच नाही, मग ती आत्या कुणाची होणार? पण लग्नाच्या स्थळाची चौकशी करणारी एखादी खमकी आत्या असते ना, मुलगा काय करतो, घरात कोण कोण, दात स्वतःचे आहेत का, तशी ही प्रत्येक बाहेरच्या पॅकेजची चौकशी करायची. लिहिलंय कुणी? सांभाळतं कोण? शेवटची दुरुस्ती कधी झाली? तक्रार केली तर उत्तर येतं का? त्याच्या पोटात आणखी कुणाकुणाची पॅकेजं? म्हणून ती आत्या. सायकलच्या दुकानावरच्या त्यांच्या कंपनीच्या चार खोल्यांत मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे.

आता ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, की हल्ली प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. सुतार जसा खिळे घरी ओतत नाही, तसंच. तारखा मांडायच्या, आकडे सजवायचे, कागदावर छापायचं, यासाठी जगात कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा फुकट. ते उचलायचं आणि आपल्या कामात जोडायचं. सोयीचं फार, पण एक जोडलं की त्याच्या अंगावरचे दहा चिकटतात, आणि त्या दहांतलं एखादं जरी तिकडे दूर कुणी बदललं, तरी त्याचा धक्का आपल्याला बसतो.

यावर तोड म्हणून एक फाइल असते. तिला ही मंडळी कुलूप-फाइल म्हणतात. कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती घेतली, हे तिच्यात बंद करून ठेवलेलं असतं. ती जागेवर आहे तोवर आज जे आलं तेच उद्या येणार. ती गेली, की यंत्र म्हणतं, "बरं, मग सगळ्यांचं नव्यातलं नवं आणतो," आणि आणतंही.

आत्याचा सगळा जीव त्या फाइलीत. दोघांचं काम एकत्र करताना कधीकधी तिच्यात टक्कर होते. याची ओळ वेगळी, त्याची वेगळी. मग एकेक ओळ डोळ्यांत तेल घालून सोडवावी लागते. कंटाळवाणं काम. जावईबापूंनी एकदा ती कटकट नको म्हणून फाइलच पुसून टाकली होती आणि नवी तयार करून घेतली होती. आत्यानं त्यांना उभं करून असं धुतलं होतं, की पुढे कितीतरी दिवस ते तिच्या टेबलासमोरून जाताना जिना चढल्यासारखे धापा टाकायचे.

एवढी कडक का, तर त्यांचं काम तसं होतं. गावातल्या मोठ्या दवाखान्यात कोवळ्या बाळांची एक खोली आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेली, मुठीएवढी बाळं तिथं काचेच्या पेट्यांत ठेवतात. बाळाचं वजन आणि औषधाचं नाव डॉक्टर पडद्यावर लिहितात. किती मिली द्यायचं ते आत्याचा प्रोग्रॅम काढतो आणि एक चिकट चिठ्ठी छापतो. ती चिठ्ठी सिरिंजवर लागते. बस्स, एवढंच काम. पण चिठ्ठीवरचा आकडा जाणार कुठं, तर चिमणीएवढ्या जिवाच्या रक्तात. आत्या म्हणायची, "आपण चिठ्ठी छापतो, असं समजू नका. आपण औषध पाजतो."

आत्याच्या घरची कहाणीही तशीच. आई गेली तेव्हा धाकटी बहीण शाळेतही जात नव्हती. वडील दुधाची गाडी चालवायचे, पहाटे जायचे ते दुपारी उगवायचे. धाकटीच्या वेण्या, डबा, गृहपाठ, तापात कपाळावरच्या पट्ट्या, सगळं ताईनं, म्हणजे आत्यानंच केलं. ताई स्वतःच तेव्हा अंगानं काडी. रस्ता ओलांडताना धाकटीचं मनगट इतकं घट्ट धरायची की बोटं उमटायची. "ताई, दुखतंय!" "दुखू दे. गाडीखाली आलीस तर जास्त दुखेल." असा प्रेमळपणा! धाकटीचं लग्न झालं, नवरा शेजारच्या शहरात चपलांच्या दुकानात लागला, तरी तिचा दिवस ताईला फोन केल्याशिवाय मावळत नसे.

त्या सकाळी आठवड्याचं काम दवाखान्याच्या यंत्रांवर चढवायचं होतं. मालकांनी दुपारचा शब्द दिला होता, आणि मालकांचा शब्द म्हणजे वरातीतला घोडा, एकदा सुटला की थांबत नाही. आत्यानं आपलं काम आणि जावईबापूंचं काम एकत्र केलं, आणि कुलूप-फाइलीत टक्कर. तिनं चष्मा पुसला, पहिली ओळ सोडवायला घेतली, तोच फोन वाजला.

"ताई…" धाकटीचा आवाज पार खोल गेलेला. "बाळ झालं. मुलगी आहे. पण लवकर झाली गं, फार लवकर. तिला तुमच्या त्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलंय. मला नीट दाखवलीही नाही. हे अजून गाडीत आहेत, पोचायचे आहेत. तू कधी येतेस?"

"आलेच," आत्या म्हणाली. "रडू नकोस. आलेच मी."

फोन ठेवला. पडद्यावर त्या ओळी तशाच, शंभर तोंडं करून बघत बसलेल्या. मालक दारातून म्हणाले, "आत्या, झालं का गं? दवाखान्यातून विचारतायत." आणि जिनं जन्मभर दुसऱ्यांना ब्रह्मज्ञान सांगितलं, तिनं ती फाइल पुसली. नवी तयार करून घेतली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम. मग तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. खालपासून वरपर्यंत सगळं हिरवं. हिरवं म्हणजे ठीक. तिनं काम चढवून टाकलं, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि चपला पायात अडकवत जिना उतरली. जावईबापू म्हणाले, "आत्या, छत्री!" पण ती कोपऱ्यावर पोचलीसुद्धा होती.

दवाखान्यात आधी बाहेर ताटकळत ठेवलं, मग हात कोपरापर्यंत धुवायला लावले, वर हिरवा झगा चढवला, तेव्हा कुठं आत सोडलं. दुपार उलटून गेली होती. खोली उबदार, अर्धवट उजेडाची. यंत्रांचं हळू टिकटिकणं. धाकटी चाकांच्या खुर्चीत, पेटीच्या काचेला कपाळ टेकून बसलेली. आतली मुलगी म्हणजे काय, ताईच्या हातात मावली असती. नाकात नळी, पायाला पट्टी, पण मूठ मात्र अशी आवळलेली, की कुणाशी तरी भांडण काढून आली असावी.

"मावशीवर गेलीय," आत्या म्हणाली. धाकटी रडता रडता हसली.

"ताई, ती वाचेल ना?"

"वाचेल म्हणजे? भांडून वाचेल."

तेवढ्यात खोलीच्या मोठ्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या. ठसठशीत बाई, केसांत रुपेरी पट्टा, चालण्यात आवाज नाही. ट्रेमध्ये बारीक सिरिंजा, प्रत्येकीवर चिठ्ठी. आत्याची नजर सवयीनं चिठ्ठीकडे गेली. आपलं लेकरू शाळेत दिसावं तशी ती नेहमी पाहायची. भाचीच्या सिरिंजवर लिहिलं होतं: .५ मिली.

तिनं डोळे मिटून उघडले. पुन्हा पाहिलं. शाई पुसटलीय का? नाही, टिंब स्वच्छ होतं. टिंबाच्या आधी शून्य हवं होतं, ते नव्हतं. शेजारच्या सिरिंजवर .३. त्याच्या पलीकडे .८.

आता शून्य असलं काय नि नसलं काय, हिशोबात फरक पडत नाही, तपासणीच्या प्रोग्रॅमलाही पडला नव्हता, त्याच्या लेखी .५ आणि ०.५ एकच, म्हणून तर त्यानं हिरवा कंदील दाखवला. पण माणसाचा डोळा थकलेला असतो, उजेड अर्धवट असतो, आणि ते टिंब खसखशीच्या दाण्याएवढं. टिंब दिसलं नाही तर .५ चं काय होतं? पाच होतं. दहापट. औषधांच्या चिठ्ठीवर टिंबाच्या आधी शून्य आलंच पाहिजे, हा पहिला धडा. आत्यानं तो नोकरीच्या पहिल्या आठवड्यात गिरवला होता.

एका क्षणात तिला सगळं उमगलं. चिठ्ठी छापणारं एक पॅकेज, ते आकडे सजवणारं दुसरं वापरतं, आणि त्या दुसऱ्याच्या पोटात तिसरं, टिंबाच्या आगेमागे शून्यं लावणारं. त्या तिसऱ्याची नवी आवृत्ती आलेली असणार. दूर कुठं कुणाला तरी पुढचं शून्य दिसायला अवजड वाटलं असेल, काढून टाकलं असेल. त्याला काय माहीत त्याचं शून्य कुणाच्या सिरिंजवर बसतं! आणि ते दार कुलूप-फाइलीनं बंद होतं. होतं, सकाळपर्यंत.

"सिस्टर, थांबा!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की दोन पेट्या सोडून एक बाळ दचकलं. "ते औषध देऊ नका."

सिस्टरनी भुवया उंचावल्या. "बाई, हळू. आणि ट्रेला बोट लावू नका. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. ही चिठ्ठी मी छापते. म्हणजे माझा प्रोग्रॅम छापतो. ती चुकीची आहे."

"चुकीची?" सिस्टरनी सिरिंज उजेडाकडे धरली. "अर्धा मिली आहे. अर्धाच भरलाय. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढाच."

"तुम्ही अर्धा वाचलात. दुसरं कुणी पाच वाचेल."

सिस्टरनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. धाकटी खुर्चीतून बघत होती, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. "ताई, काय झालं? माझ्या बाळाला काय दिलं?"

"तिला काही दिलेलं नाही अजून," आत्या म्हणाली. मग सिस्टरकडे वळून तिनं विचारलं, "सकाळपासून किती जणांना दिलंय?"

सिस्टरनी ट्रे ठेवला, छपाईयंत्राची वायर ओढून काढली आणि खोलीतल्या दोघी परिचारिकांना बोलावून म्हणाल्या, "कुणाला काही द्यायचं नाही. सगळ्या सिरिंजा इकडे आणा. वापरलेल्याही."

आत्या बाहेर व्हरांड्यात गेली आणि मालकांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग मालक हळू आवाजात, "बरं. हे बघ, आरडाओरडा करायचा नाही. आपण गुपचूप दुरुस्त करू. त्यांना सांग, यंत्रात शाई संपत आली होती."

"शाई?"

"अगं, दवाखाना हातचा जाईल. चार घरं चालतात त्याच्यावर. तुझंही त्यातलंच एक."

"मालक, चिठ्ठ्या सिरिंजांवर चिकटल्यात. गुपचूप कशा काढू? आणि मी सांगून बसले."

"काय सांगून बसलीस?"

"खरं."

मालकांनी असा सुस्कारा टाकला, की फोनमधून वारा आल्यासारखं वाटलं. "आत्या, आत्या… सगळ्या गावाच्या पॅकेजांची कुळं काढणारी तू, आणि तूच दार उघडं टाकलंस?"

पण जुनी कुलूप-फाइल हरवलेली नव्हती. या मंडळींचा प्रत्येक बदल साठवलेला असतो, मागे जाता येतं. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. आपलाच पासवर्ड दोनदा चुकला. जुनी फाइल परत आणली. मग जावईबापूंना फोन केला.

"जावईबापू, मी कुलूप-फाइल पुसली होती."

"कोण? तुम्ही?" पलीकडे खुर्ची करकरली. आता हे चिमटा काढणार, असं तिला वाटलं. काढला असता तरी तिनं मान खाली घालून घेतला असता. पण ते म्हणाले, "मी काय करू सांगा."

"मी टक्कर सोडवते, तुम्ही माझ्यामागे प्रत्येक ओळ पुन्हा बघा. आणि एक नवी तपासणी लिहा. आकडा तपासायचा नाही. छापलेला मजकूर अक्षरन् अक्षर तपासायचा. शून्य नसेल तर लाल."

"लिहितो. आत्या… बाळ कसं आहे?"

"माहीत नाही हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

ती आत आली तेव्हा मोठ्या सिस्टरसमोर टेबलावर सिरिंजांच्या दोन रांगा होत्या. "वापरलेल्या सगळ्या बारीक आहेत," सिस्टर म्हणाल्या. "यांत एक मिलीच्या वर मावतच नाही. म्हणजे दहापट कुणाला गेलेलं नाही. देवाची कृपा म्हणा, नाहीतर सुईची."

आत्यानं रिकाम्या सिरिंजांवरचे आकडे एकेक करून पाहिले.

"पण हे बघा." सिस्टरनी न वापरलेल्या रांगेतून एक उचलली. ती जाड होती. चिठ्ठीवर .४. आत औषध चारच्या रेघेपर्यंत भरलेलं. "कोपऱ्यातल्या पेटीतल्या बाळाचं. दुसरीनं तपासून सही करायची बाकी होती, म्हणून बाजूच्या ट्रेमध्ये राहिलं. भरणारी इथली जुनीजाणती आहे. तिला मी काय बोलू? काल रात्रीपासून ती उभीच आहे."

ती परिचारिका खिडकीपाशी पाठ करून उभी होती. खांदे हलत होते. आत्या तिच्यापाशी गेली. "तुम्ही चुकला नाहीत," ती म्हणाली. "मी चुकले. तुमच्यासमोर चार छापलं मी." त्या बाईनं वळून पाहिलं नाही, पण हलकेच मान हलवली.

मग धाकटीकडे जायचं उरलं, आणि सगळ्यात लांब वाट तीच होती. आत्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली आणि काही न लपवता सांगितलं: तुझा फोन आला, मला घाई झाली, जे मी कुणाला करू देत नाही ते मी केलं.

धाकटी काचेतून आत बघतच म्हणाली, "माझ्यासाठी घाई केलीस."

"हो. पण ते तुझ्यावर नाही ढकलायचं मला."

"त्या कोपऱ्यातल्या बाळाची आई सकाळी माझ्या शेजारच्या खाटेवर होती," धाकटी म्हणाली. "तिनं मला तिची उशी दिली." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. आत्यानं हात पुढे केला, तो तिनं धरला नाही, झटकलाही नाही.

औषधं हातानं लिहून, दोघींनी मोठ्यानं वाचून देणं सुरू झालं. भाचीला तिचा अर्धा मिली गेला, आणि त्या इवल्या मुठीकडे बघत मावशीनं श्वास रोखून धरला तो सुई बाहेर येईपर्यंत. बाहेर उजेड तिरपा व्हायला लागला. जावईबापूंचा निरोप आला: सगळ्या ओळी पाहिल्या, नवी तपासणी आधी लाल दाखवत होती, जुनी फाइल घातल्यावर हिरवी झाली, चढवलंय. मालकांचाही आला, फक्त दोन शब्द: "मी निघालोय."

आत्यानं सिस्टरना सांगितलं, की दुरुस्ती झाली, यंत्र सुरू करता येईल. सिस्टर कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. धाकटीनंही मान वळवली.

"सकाळीही ते ठीकच होतं म्हणून तुम्ही चढवलं होतंत ना, बाई? मग आता मी वायर लावली, तर आम्ही तुमच्या शब्दावर विसंबायचं का?"

आत्यानं चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाली, "नाही सिस्टर, माझ्या शब्दावर नका विसंबू. पहिली चिठ्ठी छापा, पण ती मी वाचणार नाही; मला तिच्यात मला हवं तेच दिसेल. ती हिला वाचू द्या, बाळ हिचं आहे. हिनं अडखळत जरी वाचली, तरी वायर पुन्हा काढून टाका. मालक येतायत, त्यांना काय सांगायचं ते मी बघते."